लेकीचं ॲडेनॉइडचं ऑपरेशन: सततच्या सर्दीपासून डिस्चार्जपर्यंत

माझ्या लेकीचं ॲडेनॉइडचं (नाकाच्या मागे वाढणारं मास) ऑपरेशन १८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. त्याआधीचं सव्वा वर्ष आणि नंतरचे काही महिने कसे गेले ते लिहून ठेवतोय, कारण तेव्हा रात्री दोन वाजता तिला खांद्यावर घेऊन मोबाईलवर शोधत बसायचो आणि मराठीत सापडायचे ते सगळे घरगुती उपाय. मी डॉक्टर नाही, आयटीत आहे. औषधांचे डोस इथे लिहिणार नाही, ते वजनावर ठरतात, आणि खर्चाचे आकडे आमचे पुण्यातले आहेत, तुमच्याकडे कमीजास्त असतील.

सुरुवात जून २०२३. लेक साडेतीन वर्षांची, नर्सरी सुरू झाली आणि जुलैपासून नाक जे वाहायला लागलं ते थांबेना. आम्ही धायरीला राहतो, तेव्हा सिंहगड रोडच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं, धूळ विचारू नका, आणि सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसानंतर कमरेएवढं काँग्रेस गवत. (हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५० च्या दशकात पुण्यातच, म्हणजे ते आपलंच लाडकं म्हणायचं.) आम्ही कधी धुळीला दोष द्यायचो, कधी गवताला, कधी गॅलरीतल्या कबुतरांना. साताऱ्याहून आई आली की दोष शाळेच्या डब्यातल्या केळ्याला.

बालरोगतज्ज्ञ मॅडम मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, शाळेत जायला लागलेल्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, पाळणाघर असेल तर त्याहून जास्त. आधी पटलं नाही. मग हिशोब केला, एक सर्दी आठ-दहा दिवस धरली आणि त्यातल्या बहुतेक पावसाळा-हिवाळ्यातच येतात म्हटलं, तर जुलै ते जानेवारी पोर दर महिन्याला आठ-दहा दिवस आजारी दिसणारच, गणितच तसं आहे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अँटिबायोटिक द्या असं आमचं दोघांचं म्हणणं असायचं, तेही त्यांनी मोडून काढलं. रंगावरून काही कळत नाही म्हणाल्या. सर्दी दहा दिवस उलटले तरी जराही कमी नाही, किंवा बरं होत आलेलं पोर पुन्हा तापाने फणफणलं, किंवा सलग तीन-चार दिवस मोठा ताप आणि सोबत घट्ट शेंबूड, असं असेल तर सायनसचं इन्फेक्शन धरायचं आणि मग अँटिबायोटिक. सायनसचा एक्सरे काढू का विचारलं तर म्हणाल्या नको, या वयात कपाळातले सायनस अजून तयारच झालेले नसतात आणि साध्या सर्दीतही एक्सरे खराब दिसतो, उगाच पैसे घालवू नका. असं सांगणारे डॉक्टर मिळाले हे नशीब.

ऑगस्टमध्ये एकदा रात्री छाती वाजायला लागली. बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जात होतं, ते बघितलं आणि मी गाडीची किल्ली घेतली. हे लक्षात ठेवा: खोकला कितीही जोरात असला तरी एवढं घाबरायचं कारण नसतं, पण श्वास घेताना बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खड्डा पडत असेल, पोर बोलताना किंवा पाणी पिताना धापा टाकत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या रात्री हॉस्पिटलमध्ये नेब्युलायझर दिला, दोन तासात घरी आलो. नंतर मशीन विकत घेतलं, १,९०० रुपये. आई म्हणाली, "अरे मशीनची सवय लागेल पोरीला, मग जन्मभर सुटायचं नाही." सोसायटीतले पण हेच म्हणाले. मॅडमनी आईलाच समोर बसवून सांगितलं की, "आजी, मशीन फक्त औषधाचं धुकं करतं, सवय लागायला त्यात काही नाही, उलट सिरपपेक्षा औषध कमी जातं." आईला अर्धवट पटलं. मशीन चालू असताना ती शेजारी बसून ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लेकीच्या पाठीला लावायची, मी काही बोललो नाही, पुरचुंडी आधी स्वतःच्या हातावर टेकवून बघत होती. फक्त उकळत्या पाण्याच्या भांड्यावर तोंड धरून वाफ द्यायला मी ठाम नाही म्हटलं, भाजल्याच्या केसेस होतात.

पुढे मशीनऐवजी मास्कवाला स्पेसर (इनहेलरला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) आणि इनहेलर आला. स्पेसर सहाशेच्या आसपास, दप्तरात मावतो, वीज लागत नाही, गावी नेता येतो. स्टिरॉइडचा पफ झाला की चूळ भरायला लावायची आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा, एवढं पथ्य.

दिवाळीच्या आसपास एका दुसऱ्या डॉक्टरांनी (मॅडम सुट्टीवर होत्या) मॉन्टेलुकास्टचं (ॲलर्जी-दम्यावरचं औषध) सिरप चालू केलं. खूप मुलांना देतात, बऱ्याच जणांना काही होत नाही, पण आमची लेक रात्री किंचाळत उठायला लागली आणि दिवसा चिडचिड. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं तिथलं सरकारी खातं) मार्च २०२० मध्ये या औषधाला मूड आणि झोपेवरच्या परिणामांबद्दल त्यांचा सगळ्यात कडक इशारा जोडलाय, हे मला तेव्हा कळलं. मॅडम परत आल्यावर त्यांनी ते बंद केलं, आठवड्यात किंचाळणं गेलं. नवीन औषध सुरू झालं की झोप आणि वागणूक यावर लक्ष ठेवा एवढंच म्हणतो.

फेब्रुवारी २०२४ ला शाळेतून बोलावणं आलं. टीचर म्हणाल्या, "हुशार आहे पण दोनदा हाक मारल्याशिवाय बघत नाही." घरी टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायची ते आम्ही हट्ट समजत होतो. बालरोगतज्ज्ञांनी ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ईएनटी सर साठीचे, कमी बोलणारे. मी कालनिर्णयवर मांडलेली सगळी जंत्री घेऊन गेलो होतो, ताप कधी, खोकला कधी, कुठलं औषध किती दिवस. त्यांनी ती बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे आजारपणाचे दिवस झाले. सर्दी नसते त्या दिवशी कशी झोपते?"

आम्हाला उत्तरच देता आलं नाही. सर्दी नसलेल्या रात्री आम्ही दोघं मेल्यासारखे झोपायचो. सगळी नोंद आजारी दिवसांची होती आणि ते विचारत होते बऱ्या दिवसांचं. तोंड उघडं असतं का, घोरते का, मध्येच श्वास अडकून मग दचकते का, मान मागे टाकून झोपते का, उशीला घाम येतो का, सकाळी उठताना चिडते का. म्हणाले, महिनाभर बघा आणि व्हिडिओ काढून आणा, अंगावर पांघरूण नको, छाती-पोट दिसलं पाहिजे, दोन-तीन मिनिटांचा पुरे. माझ्या मते या सगळ्या प्रवासात सगळ्यात कामाची गोष्ट ही होती. तुमचं मूल सारखं आजारी असेल तर बऱ्या दिवसांची वही ठेवा. सर्दी सगळ्यांच्याच पोरांना होते. आमची अडचण होती दोन सर्दींच्या मध्ये, ती डॉक्टरना दाखवायची तर आधी आपल्याला दिसायला हवी ना.

त्याच दिवशी कानाचा टिंपॅनोग्राम झाला, ७०० रुपये, कानात रबरी टोक धरून हलका दाब देतात, दुखत नाही, एका मिनिटात होतो. दोन्ही कानांचा आलेख सपाट, बी टाईप, म्हणजे पडद्यामागे पाणी. मानेचा बाजूने एक्सरे काढला त्यात नाकाच्या मागे वाढलेलं ॲडेनॉइड दिसलं. आपल्याकडे "नाकात मास वाढलंय" म्हणतात ते हे. सर्वांनाच असतं, साधारण पाच-सात वर्षांपर्यंत वाढतं आणि मग आपोआप आक्रसत जातं, पण काहींचं एवढं मोठं होतं की नाकाची मागची वाट अडते आणि कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड दबतं. मग नाक तुंबलेलं, सायनस साफ होत नाहीत, कानात पाणी, तोंडाने श्वास, सगळं एका ठिकाणाहून.

मला वाटलं आता ऑपरेशन सांगणार. तर म्हणाले तीन महिने थांबू, कानातलं असं पाणी पुष्कळदा आपणहून जातं. स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे रात्री एकदा आणि त्याआधी सलाइनचे थेंब. स्प्रे मारायची पद्धत नर्सनी शिकवली: उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं. आणि मारल्यावर जोरात ओढायला सांगायचं नाही, औषध घशात जातं. लेकीला हे पटवायला आठवडा गेला, शेवटी तिने आधी माझ्या नाकात मोकळी बाटली दाबायची मग मी तिच्या, असा करार झाला.

एप्रिल-मे छान गेले. शाळा बंद, साताऱ्याची कोरडी हवा, मे अखेरच्या तपासणीत एक कान जवळपास साफ. आम्ही खूश. जून १५ ला शाळा उघडली आणि जुलैमध्ये सगळं परत आलं, या वेळी व्हिडिओसकट. सर्दी नाही, ताप नाही, अशा रात्रीचा व्हिडिओ: घोरणं चालू आहे, मध्येच आवाज बंद, पोट हलतंय पण हवा जात नाही, मग एकदम धाप आणि कूस बदलली. बायकोने तो एकदाच बघितला, परत नाही. सरांनी पूर्ण बघितला, कान पुन्हा तपासले, पुन्हा दोन्ही बी टाईप, आणि म्हणाले, आता काढू.

सेकंड ओपिनियन घेतलं, घ्याच. दुसरे डॉक्टर म्हणाले टॉन्सिलही सोबत काढून टाका, परत भूल नको. परत जाऊन सरांना विचारलं. त्यांनी टॉन्सिलचे नियम सांगितले: घसा सुजून तापाचे वर्षात सात अटॅक, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच, किंवा तीन वर्षं तीन-तीन, नाहीतर टॉन्सिल एवढे मोठे की श्वास अडतो. लेकीचे टॉन्सिल लहान आणि घसा तसा दुखतच नाही. ॲडेनॉइड काढायचं, कानातलं पाणी काढायचं आणि पाणी चिकट निघालं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बारीकशी नळी, एवढंच ठरलं. तारीख ३० ऑगस्ट, शुक्रवार. गणपती ७ सप्टेंबरला, तोवर बरी होईल असा हिशोब.

आता इन्शुरन्स, जो मला ऑपरेशनपेक्षा जड गेला. आमची घरची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) पॉलिसी डिसेंबर २०२२ ची. त्यात टॉन्सिल, ॲडेनॉइड, सायनस या सगळ्याला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड (तोवर क्लेम मिळत नाही), बहुतेक पॉलिस्यांमध्ये असतो, आपली काढून बघा. म्हणजे ती बाद. उरली कंपनीची ग्रुप पॉलिसी, तिला वेटिंग नाही. पण एचआर पोर्टलवर लेकीचं नाव जन्माच्या वेळचं "बेबी ऑफ" असं होतं, आणि बाल आधारवर पूर्ण नाव. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरचा (इन्शुरन्सचे कागद बघणारा) मुलगा म्हणाला, सर ही कोण बेबी, आधारवर तर दुसरीच मुलगी आहे. महापालिकेचा नाव घातलेला जन्मदाखला, आधार आणि एचआरचं पत्र देऊन नाव बदलायला दोन आठवडे गेले. ज्यांना नुकतं बाळ झालंय त्यांनी हे आजच बघा.

नाव दुरुस्त झालं, प्री-ऑथ (खर्चाला इन्शुरन्सची आगाऊ परवानगी) मंजूर झालं, आणि २८ ऑगस्टला लेकीला खोकला आणि घरघर. भूलतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तारीख रद्द. मी जरा वाद घातला, रजा टाकली होती, आई आली होती. ते म्हणाले, सर्दी-खोकल्यात श्वासनळी हळवी असते, भूल देताना आवळू शकते, दोन-तीन आठवडे कोरडे गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. बरोबरच होतं. पण गंमत अशी की सारखं आजारी असतं म्हणून ज्याचं ऑपरेशन करायचं, त्याला ऑपरेशनसाठी तीन आठवडे आजारी पडायचं नाही! गणपतीत आम्ही कुणाकडे आरतीला गेलो नाही. नवरात्रात शाळा बंद ठेवली. नवीन तारीख १८ ऑक्टोबर, दसऱ्यानंतर आणि दिवाळीआधी, आणि जुनं प्री-ऑथ बाद म्हणून सगळे फॉर्म परत. रक्ताच्या तपासण्या आणि छातीचा एक्सरे परत, २,१०० रुपये. प्रत्येक तपासणीची डॉक्टरची चिठ्ठी आणि लेकीच्या नावाचं ओरिजिनल बिल जपून ठेवा, ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस एवढ्या मुदतीतला खर्च आमच्या पॉलिसीत नंतर वेगळा मिळतो. चिठ्ठी नसली की बिल परत येतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला ॲडमिट. जेवण, दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं लिहून दिलं होतं. लहान मुलांचा नंबर पहिला लावायला आधीच सांगून ठेवा, उपाशी पोर सांभाळणं कठीण. आणखी एक, सुई लावायच्या जागी बधिर करणारं क्रीम मिळतं, तासभर आधी लावावं लागतं, मागितलं तर देतात, आपणहून कुणी विचारत नाही. ओटीच्या दारापर्यंत मला गाऊन-टोपी घालून जाऊ दिलं. मास्कमधल्या वासाला लेक म्हणाली, "बाबा, मार्करचा वास येतोय," आणि डोळे मिटले. मग बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये जाऊन उगाच गाडीची काच पुसत उभा राहिलो.

पाऊण तासात सर बाहेर आले. कोब्लेशनने (रेडिओ लहरींनी मास विरघळवायची पद्धत) काढलं, रक्त फारसं गेलं नाही. डाव्या कानातलं पाणी पातळ होतं ते ओढून काढलं, उजव्यातलं डिंकासारखं म्हणून तिथे ग्रोमेट.

शुद्धीवर येतानाचं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो. वीस-पंचवीस मिनिटं ती कुणालाच ओळखत नव्हती, लाथा मारत, सुई ओढत, मोठमोठ्याने रडत होती. बायको घाबरून रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, भुलीचं आहे, लहान मुलं अशीच उठतात, तिला आठवणार पण नाही. खरंच आठवत नाही. नंतर झोपून उठली आणि आईस्क्रीम मागितलं. सरांनी परवानगी दिलेली, पण आजीचा चेहरा बघण्यासारखा होता, सव्वा वर्ष सर्दीसाठी सुंठ चाटवलेल्या नातीला हॉस्पिटलमध्ये कप भरून आईस्क्रीम!

संध्याकाळी डिस्चार्ज लिहिला, पण इन्शुरन्सचं फायनल यायला रात्रीचे साडेनऊ. आयआरडीएच्या (इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मे २०२४ च्या परिपत्रकात डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मर्यादा आहे, ते मी डेस्कवर नम्रपणे दाखवलं. त्याने किती फरक पडला देव जाणे, हॉस्पिटलने कागद पाठवायलाच सात वाजवले होते. बिल ८२,४००, मंजूर ७३,९००. वरचे ८,५०० आमचे, त्यात ग्लोव्हज, किट, फाईलचे पैसे आणि रूमचा फरक, कारण आमच्या लिमिटची शेअरिंग रूम शिल्लक नव्हती. डिपॉझिट १०,००० भरलं होतं त्यातले १,५०० परत.

पुढचे आठ-दहा दिवस: तोंडाला भयंकर वास येतो, ते नॉर्मल. मान थोडी आखडते. आवाज गेंगाणा होतो. पहिले काही दिवस घोरणं उलट वाढलं, सुजेमुळे, आम्ही हादरलो होतो. ताजं लाल रक्त आलं तर लगेच हॉस्पिटल, तसं काही झालं नाही. मऊ भात, वरण, शिरा, थंड दूध. शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतरच. साधारण दोन आठवड्यांनी तोंड मिटून झोपायला लागली. टीव्हीचा आवाज सात-आठवर आला, आधी वीसच्या वर असायचा.

सर्दी गेली का? नाही. डिसेंबरमध्ये झाली, जानेवारीत झाली, घरघर पण एकदा झाली आणि इनहेलर काढावा लागला. हे ऑपरेशन सर्दी न होण्यासाठी नसतंच, सरांनी आधीच सांगितलं होतं, पण नातेवाइकांना ते समजावणं अवघड, "एवढं ऑपरेशन करून परत शिंकतेय?" फरक असा की सर्दी आठव्या दिवशी संपते, कान भरत नाही, आणि मधल्या रात्री शांत जातात. जुलैपासून अँटिबायोटिक लागलेलं नाही. फ्लूची लस या वर्षी पावसाळ्याआधी देणार, पहिल्यांदा देताना नऊ वर्षांखालच्या मुलांना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलमध्येच सुरू करायला सांगितलंय.

ग्रोमेट बहुधा वर्षभरात आपोआप पडतं, तोवर डोकं पाण्याखाली घालून पोहणं बंद आणि नहाताना उजव्या कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. आधीच्या-नंतरच्या खर्चाचा क्लेम १२ डिसेंबरला टाकला, एका औषधाच्या बिलावर डॉक्टरचं नाव नाही म्हणून क्वेरी आली, ती सोडवून ५,३०० रुपये फेब्रुवारीत जमा झाले. लेक जानेवारीत पाच वर्षांची झाली, त्यामुळे बाल आधारचं बायोमेट्रिक अपडेट करायचं राहिलंय, ते सातव्या वर्षापर्यंत फुकट करून मिळतं. पुढच्या शनिवारी जाणार आहे.